पॅनोरमाला किती वाजले?

तुमच्या फोनमध्ये एखादा पाच पायांचा कुत्रा असेल. किंवा समुद्रकिनाऱ्यावर एकाच वेळी दोन ठिकाणी उभा असलेला मामेभाऊ, नाहीतर मधोमध आखूड झालेली मोटार. कॅमेऱ्यात 'पॅनो' निवडून, पडद्यावरचा बाण रेषेत ठेवत फोन डावीकडून उजवीकडे फिरवला आणि मध्येच काहीतरी हललं, की असे प्राणी जन्माला येतात. आपण हसतो, घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो आणि विसरून जातो. मला मात्र हे बिघडलेले फोटो नीट आलेल्या पॅनोरमांपेक्षा जास्त आवडतात, कारण नीट आलेला पॅनोरमा एक गोष्ट फार सफाईने लपवतो: तो एका क्षणाचा फोटो नसतो.

फोन काय करतो बघा. फिरताना तो व्हिडिओसारख्या एकामागून एक चौकटी टिपतो आणि प्रत्येक चौकटीच्या मधली एक उभी, अरुंद पट्टी ठेवून बाकीची टाकून देतो. या पट्ट्या शेजारी शेजारी चिकटल्या की झाला पॅनोरमा. म्हणजे चित्राच्या डाव्या आणि उजव्या कडेत दहा-पंधरा सेकंदांचं अंतर असतं. चित्राची रुंदी जशी जागेची आहे तशीच वेळेचीही आहे. कुत्रा फोन फिरतोय त्याच दिशेने चालला तर तो जास्त पट्ट्यांमध्ये सापडतो, लांबतो, त्याला जास्तीचे पाय फुटतात. उलट दिशेने आला तर आक्रसतो. मोटारीचंही तसंच.

ही युक्ती काही फोन बनवणाऱ्यांनी शोधलेली नाही. १९०४ साली पेटंट मिळालेला 'सर्कट' कॅमेरा चावीच्या यंत्रावर स्वतःभोवती फिरायचा, आणि त्याच्या पोटातली फिल्म एका उभ्या फटीमागून त्याच हिशेबाने सरकत राहायची. शाळा, पलटणी, कारखान्यांतले कामगार यांचे लांबच लांब समूहफोटो त्यावर काढत. माणसं कॅमेऱ्याभोवती कमानीत उभी करत, म्हणजे सगळी सारख्या अंतरावर येत आणि फोटोत सरळ रांगेत दिसत. यातल्या काही फोटोंत एखादा वात्रट पोरगा दोन्ही टोकांना सापडतो. डावीकडचा फोटो झाला, की हा रांगेच्या मागून कॅमेऱ्यापेक्षा वेगाने पळत जाऊन उजव्या टोकाला उभा! वेळेचं गणित त्याला फोटोग्राफरइतकंच कळलं होतं.

पण या सगळ्याचा माझा सर्वांत आवडता नमुना त्याच्याही आधीचा आहे. १८७८ साली एडवर्ड मायब्रिज सॅन फ्रान्सिस्कोच्या नॉब हिलवर, मार्क हॉपकिन्स यांच्या बांधकाम चालू असलेल्या हवेलीच्या मनोऱ्यावर कॅमेरा घेऊन चढला आणि तिथून सबंध शहराचं पूर्ण वर्तुळ १३ काचांवर घेतलं. जोडून मांडलं तर ते पाच मीटरांहून लांब भरतं. आजच्या हिशेबाने १३ फोटो म्हणजे मिनिटभराचं काम. त्या वेळी तंत्र ओल्या काचेचं होतं: काचेवर रसायन ओतायचं, ओली असतानाच कॅमेऱ्यात सरकवायची, फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत जागेवरच अंधारात धुवायची. मग पुढची काच. या १३ काचांना दिवसाचे कितीतरी तास लागले. चित्र नुसतं पाहिलं तर शहर शांत, एकसंध दिसतं. पण घरांच्या सावल्यांवरून नजर फिरवत गेलात तर सूर्य सरकताना दिसतो. अभ्यासकांनी तर सावल्यांवरूनच दाखवून दिलं की त्यातली एक काच क्रम सोडून, बऱ्याच उशिरा घेतलेली आहे.

गंमत म्हणजे हाच मायब्रिज, याच वर्षी, तिथून जवळच पालो आल्टोला धावत्या घोड्याचे फोटो घेत होता. घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून उचललेले असतात हे दाखवणारे ते जगप्रसिद्ध फोटो. तिथे एका ओळीत मांडलेल्या कॅमेऱ्यांनी सेकंदाच्या अगदी छोट्या अंशाचे तुकडे केले. इथे एका चित्रात जवळजवळ सबंध दिवस भरला. पाठ्यपुस्तकात घोडाच येतो. ती हवेली १९०६ च्या भूकंपानंतरच्या आगीत गेली. तिच्या जागी आज मार्क हॉपकिन्स हॉटेल आहे. बे एरियात राहणाऱ्या वाचकांनी एकदा जाऊन यावं. चढ मात्र दमवतो.

मायब्रिजची अडचण मंगळावरही आहे. क्युरिऑसिटी रोव्हरने २४ नोव्हेंबर ते १ डिसेंबर २०१९ या काळात हजाराहून अधिक फोटो घेतले आणि त्यांतून १.८ अब्ज पिक्सेलचा पॅनोरमा तयार झाला. थँक्सगिव्हिंगची सुट्टी होती, पुढचा हुकूम येईपर्यंत रोव्हरला जागेवरच थांबायचं होतं, म्हणून हा वेळ मिळाला. चार दिवसांत मिळून साडेसहा तासांहून जास्त काम चाललं. पण कॅमेरे रोज फक्त मंगळावरच्या दुपारी १२ ते २ या वेळातच उघडले, कारण उजेड आणि सावल्या सारख्या राहायला हव्यात. म्हणजे 'मंगळाची एक दुपार' म्हणून आपण जे बघतो ती चार दुपारांची गोधडी आहे. शिवण दिसू नये म्हणून इतकी काळजी घेतली, एवढंच.

वेळेइतकीच दुसरी अडचण भूमितीची. 'एवढे फोटो जोडत बसण्यापेक्षा एक रुंद लेन्स का लावू नये?' असं मला नेहमी विचारलं जातं. सरळ रेषा सरळ ठेवणाऱ्या नेहमीच्या लेन्समध्ये मध्यापासून θ अंशावरची वस्तू चित्रात tan θ च्या प्रमाणात दूर पडते. ६० अंशांवर असलेला चेहरा मध्यावरच्या चेहऱ्याच्या तुलनेत कडेच्या दिशेला चौपट आणि तिच्या आडव्या दिशेला दुप्पट ताणला जातो. लग्नाच्या फोटोत अगदी कडेला उभ्या राहिलेल्या काकूंना याचा अनुभव असेल. ९० अंशांवर tan अनंत होतो, म्हणजे पूर्ण वर्तुळ सपाट कागदावर असं मावणं शक्यच नाही.

मग काय करायचं? आपल्याभोवतीचं दृश्य खरं तर एका गोलाच्या आतल्या बाजूला पसरलेलं आहे, आणि गोल पृष्ठ न ताणता, न फाडता सपाट करता येत नाही हे गाउसने १८२७ मध्ये सिद्ध केलं. स्वयंपाकघरात हे सहज तपासता येतं. ताजी पोळी लाडवावर गुंडाळा: चुण्या पडणारच. तीच पोळी लाटण्यावर गुंडाळा: एकही चुणी नाही. म्हणून बहुतेक पॅनोरमा आधी दृश्य लाटण्यावर, म्हणजे दंडगोलावर उतरवतात आणि मग तो दंडगोल उलगडतात. उभ्या रेषा सरळ राहतात, क्षितिज सरळ राहतं, पण डोळ्यांच्या पातळीच्या वर-खाली असलेल्या आडव्या सरळ रेषा वाकतात. सरळ रस्ता केळ्यासारखा दिसतो. सह्याद्रीत किंवा योसेमिटीत हे कुणाच्या लक्षात येत नाही, डोंगराला कुठे सरळ कडा असतात? खोलीत मात्र छत आणि भिंत जिथे मिळतात ती प्रत्येक रेषा कमान होते.

मला खोल्यांचेच पॅनोरमा काढायचे असतात. डोंगरांचे उत्तम पॅनोरमा काढणारे पुष्कळ आहेत. पण परदेशात राहणाऱ्या आपल्यासारख्यांचं आयुष्य डोंगरांपेक्षा भाड्याच्या खोल्यांत जातं, आणि खोली सोडून गेल्यावर तिचे फोटो बघितले तर हाती काय लागतं? वाढदिवसाच्या केकमागे अर्धी खिडकी. सोफ्यावर पाहुणे, त्यांच्या डोक्यामागे दाराची चौकट. अख्खी खोली कुठेच नसते. म्हणून गेली काही वर्षं मी घर सोडण्याआधी, सामान खोक्यात जायच्या आत, प्रत्येक खोलीचं एक पूर्ण वर्तुळ घेते. स्वतःच्या, आणि विचारलं तर मित्रमंडळींच्याही खोल्यांचं.

खोलीत पॅरॅलॅक्स छळतो. एक डोळा मिटा, अंगठा हातभर समोर धरा आणि मान डावी-उजवीकडे वळवा. अंगठा मागच्या खिडकीच्या गजांवरून सरकतो, कारण डोळा मानेच्या आसापासून थोडा पुढे आहे. मान फिरली की तो जागाही बदलतो. कॅमेऱ्याचं तसंच. तो ट्रायपॉडवर फिरवला आणि लेन्सची बाहुली आसाच्या १० सेंटीमीटर पुढे असली, तर ३६ अंश वळल्यावर ती सुमारे ६ सेंटीमीटर सरकते. दोन किलोमीटरवरच्या डोंगराला याने काही होत नाही, फरक एका पिक्सेलपेक्षाही कमी. पण मीटरभरावरची खुर्ची माझ्या कॅमेऱ्यात अडीचशेच्या आसपास पिक्सेल सरकते, आणि मग कुठल्याही सॉफ्टवेअरला तिचे दोन्ही हात एका पाठीला जोडता येत नाहीत. उपाय म्हणजे कॅमेरा मागे सरकवून बरोबर बाहुलीवर फिरवायचा. बाहुली म्हणजे लेन्समध्ये समोरून डोकावल्यावर आत जे काळं भोक दिसतं ते. (पुष्कळ पुस्तकांत याला 'नोडल पॉइंट' म्हणतात. तो वेगळा असतो, पण हे नाव आता काही सुटत नाही.)

जोडण्याचं काम आज संगणक करतो. डेव्हिड लो यांनी १९९९ मध्ये मांडलेली 'सिफ्ट' ही पद्धत प्रत्येक फोटोत अशा खुणा शोधते ज्या फोटो फिरवला, लहान-मोठा केला तरी ओळखू येतात: स्विचबोर्डाचा कोपरा, कॅलेंडरवरचा एखादा ठिपका. दोन फोटोंतल्या खुणांच्या जोड्या जुळल्या की कॅमेरा किती वळला हे निघतं. पुढे मॅथ्यू ब्राउन आणि लो यांनी २००३ मध्ये दाखवलं की फोटोंचा नुसता ढीग दिला तरी त्यातले कोणते एका पॅनोरमाचे हे संगणक आपलं आपण ठरवू शकतो. शिवण लपवायची पद्धत तर १९८३ ची आहे: बर्ट आणि एडलसन यांनी अर्धं सफरचंद आणि अर्धं संत्रं असं जोडून दाखवलं की मध्ये रेघ दिसत नाही. हगिन नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये आज ही सगळी परंपरा एका बटणामागे बसलेली आहे.

आणि इथेच मला अडखळायला होतं. शिवण कुठून न्यायची हे सॉफ्टवेअर ठरवतं, आणि हलणारी वस्तू टाळून जाणं त्याला सोपं पडतं. दोन फोटोंपैकी एकात माणूस आहे, दुसऱ्यात तिथे रिकामी भिंत आहे. शिवण भिंतीकडून गेली की माणूस नाहीसा. कुणी त्याला मुद्दाम पुसलेलं नसतं.

माझं पोटापाण्याचं काम सूक्ष्मदर्शकाचं आहे. ऊतीचा काप एका चौकटीत मावत नाही, म्हणून शेकडो चौकटी घेऊन जोडतो. पद्धत तीच, गणित तेच. तिथे शिवणीजवळ एखादी पेशी नाहीशी झाली तर तो सफाईचा भाग म्हणून खपत नाही. जोडलेलं चित्र जोडलेलं आहे असं लिहून द्यावं लागतं. तिथेही वेळ लपून बसलेला असतोच: चमकणारं रंगद्रव्य प्रकाश पडेल तसं विझत जातं, त्यामुळे आधी घेतलेल्या चौकटींचा प्रकाश शेजारच्या, उशिरा घेतलेल्या चौकटींवर सांडून त्यांना आधीच मंद करून ठेवतो. आम्ही ते मोजतो आणि नोंदवतो. मग घरी काढलेल्या चित्रात तेच बिनबोभाट का चालावं?

चित्रकार डेव्हिड हॉकनीने याचं एक टोकाचं उत्तर दिलं. त्याचं 'पेअरब्लॉसम हायवे' हे कोलाज लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयाकडे आहे. कॅलिफोर्नियातल्या वाळवंटी चौरस्त्याचे सातशेहून जास्त छोटे फोटो, एकमेकांवर चढवून चिकटवलेले. नावातच तारखा आहेत: ११ ते १८ एप्रिल १९८६. त्याने कॅमेरा एका जागी ठेवलाच नाही. प्रत्येक पाटीजवळ गेला, शिडीवर चढला, रस्त्यावरच्या बाटल्यांपाशी वाकला. पॅरॅलॅक्सचा आम्ही जपतो तो नियम त्याने शेकडो वेळा मोडला आणि एकही शिवण लपवली नाही. मला ते चित्र फार आवडतं, पण खोलीसाठी ते जमत नाही. खोलीत मला एका जागी बसून सगळीकडे बघायचं असतं, आजारपणात पलंगावरून बघतो तसं.

तेव्हा माझे नियम असे ठरले. कॅमेरा खोलीच्या मध्यावर, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून साधारण १ मीटर १० सेंटीमीटर. २४ मिलिमीटरची लेन्स, कॅमेरा उभा, दर ३६ अंशांवर एक फोटो. आणि दोन फोटोंमध्ये बरोबर ३६ सेकंद थांबायचं. अंशाला एक सेकंद, पूर्ण वर्तुळाला सहा मिनिटं. सुरुवात नेहमी भिंतीवरच्या घड्याळापासून आणि शेवटही तिथेच, अकराव्या फोटोने. सॉफ्टवेअर अकरावा फोटो पहिल्याच्याच जागी बसवू पाहतं, म्हणून तो वेगळा काढून उजव्या कडेला हाताने जोडावा लागतो. तयार चित्राच्या दोन्ही टोकांना तेच घड्याळ दिसतं, सहा मिनिटांच्या फरकाने. अमेरिकेतल्या अपार्टमेंटमध्ये भिंतीवर घड्याळ सापडेलच असं नाही. मग ओव्हनवरचे हिरवे आकडे चालवून घेते.

माणसांना मी 'हलू नका' म्हणत नाही, आणि कुणाला पुसत नाही. ज्या फोटोत जो आहे तो तिथे ठेवायचा, अर्धा आला तर अर्धा.

ठाण्याची आमची इमारत पुनर्विकासाला गेली, त्याआधीच्या डिसेंबरात मी ट्रायपॉड घेऊन गेले होते. दहा बाय चौदाचा हॉल. दिवाण, शोकेस, त्यावर टीव्ही, कोपऱ्यात देव्हारा, पोटमाळ्यावर न उघडलेल्या बॅगा, खिडकीला लावलेली ग्रिल. बाबा खुर्चीत पेपर वाचत होते, कॅमेऱ्यापासून मीटरभरही नाही. ४ वाजून १० मिनिटांनी सुरुवात केली. 'मी मध्ये येऊ का नको?' असं आईने दोनदा विचारलं आणि उत्तराची वाट न बघता कामाला लागली.

जोडल्यावर काय आलं सांगते. बाबांचा चेहरा चौथ्या फोटोतला आणि पेपर धरलेला उजवा हात पाचव्यातला आहे, त्यामुळे पेपराचं पान अर्धं एका बातमीचं, अर्धं दुसऱ्या. खिडकीतून फरशीवर पडलेल्या उन्हाची जाळी शिवणीपाशी बोटभर तुटते. तेवढं ऊन ३६ सेकंदांत सरकलेलं आहे. आणि आई चार वेळा आहे. एकदा स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन, एकदा बाबांच्या मागे, एकदा दिवाणावरची चादर ओढताना पाठमोरी, आणि एकदा नुसता खांदा आणि पदर, बाकीची शिवणीच्या पलीकडे. सॉफ्टवेअरने आपण होऊन जे पहिलं चित्र दिलं होतं त्यात ती कुठेच नव्हती. चहाचे कप मात्र टेबलावर होते.

चार वेळा आई असलेलं चित्र खरं की एकही नसलेलं? कुठल्याच एका क्षणी त्या हॉलमध्ये चार आया नव्हत्या. पण रिकामा हॉलही त्या सहा मिनिटांत जवळजवळ कधीच नव्हता. प्रयोगशाळेतल्या सवयीप्रमाणे मी खाली लिहून ठेवलं: ११ फोटो, ४:१० ते ४:१६, कुणाला काढलेलं नाही.

हे चित्र मी कागदावर छापून नेलं तेव्हा ते दोघं भाड्याच्या जागेत राहायला गेले होते, नवीन इमारतीची वाट बघत. आईने ते पलंगावर पसरलं, डावीकडून उजवीकडे बघत गेली, बोटाने स्वतःला मोजलं आणि म्हणाली, 'यात मी बसलेली कुठेच नाही गं.' बाबा म्हणाले, 'घड्याळ पाच मिनिटं पुढे असायचं आपलं.' म्हणजे ४:१० सुद्धा नव्हतेच. तेही खाली लिहिलं.

छपाईबद्दल एक सांगायलाच हवं, कारण केळ्यासारख्या वाकलेल्या भिंती बघून बरेच जण नाराज होतात. त्या भिंती सरळ करता येतात, संगणकाशिवाय. माझ्या लेन्सच्या हिशेबाने ४० सेंटीमीटर उंचीचं चित्र छापलं तर पूर्ण वर्तुळाची लांबी सुमारे १६७ सेंटीमीटर होते. ही पट्टी गोल वळवून टोकं जुळवली की साडेसव्वीस सेंटीमीटर त्रिज्येचा दंडगोल होतो, मोठ्या लॅम्पशेडएवढा. अकराव्या फोटोचा जास्तीचा भाग बाहेरून पदरासारखा राहू द्या. तो दोऱ्यांनी छताला टांगा आणि खालून डोकं आत घाला, डोळे चित्राच्या मध्यरेषेवर येतील असं. एक डोळा मिटलात तर उत्तम. वाकलेल्या सगळ्या रेषा सरळ होतात, कारण आता डोळा बरोबर तिथे आहे जिथे लेन्सची बाहुली होती, आणि लाटण्यावरून उलगडलेली पोळी पुन्हा लाटण्यावर गेली आहे. मान फिरवली की दिवाण, मग शोकेस, मग दार. १७८७ मध्ये रॉबर्ट बार्करने पेटंट घेतलेला पॅनोरमाही असाच होता: गोल इमारत, आतून रंगवलेली भिंत, मध्यावर प्रेक्षक. लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमध्ये १७९३ पासून लोक पैसे देऊन असं डोकं, किंबहुना अख्खे स्वतःच, आत घालत होते.

तुम्हाला करून बघायचं असेल तर कॅमेरा लागत नाही. फोन उभा धरा, त्याच्या लेन्सजवळ दोरा चिकटवा आणि दोऱ्याच्या खालच्या टोकाला एखादा जड नट बांधा, जमिनीपासून बोटभर वर लोंबेल असा. फरशीवर खडूने एक फुली करा. आता फोन हाताच्या अंतरावर धरून स्वतःभोवती गिरकी घेऊ नका. नट फुलीवर राहील असं बघत तुम्ही फोनभोवती फिरा, म्हणजे लेन्स जागेवर राहील. 'पॅनो' न वापरता सुटे फोटो घ्या, प्रत्येकात आधीच्या फोटोचा निदान तिसरा हिस्सा यायला हवा. उजेड आणि फोकस पहिल्या फोटोलाच पक्के करून ठेवा, नाहीतर खिडकी आली की बाकी खोली काळी पडेल. छापताना दुकानदाराला आधी सांगा की कागद चकचकीत नको, आत डोकं घातल्यावर त्यात आपलंच तोंड चमकतं. आणि वळवताना चित्राची बाजू आत ठेवायची.